उंदरांच्या दुधातला विषाणू आणि डॉ. कमल रणदिवे

मेरी क्युरी कोण, हे आपल्या होस्टेलमध्ये कोणालाही विचारा, झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर मिळेल. रामन, भाभा, कलाम सर ही नावं तर पाठच असतात. पण डॉ. कमल रणदिवे? दहापैकी नऊ जण डोकं खाजवतील. ८ नोव्हेंबर २०२१ ला गूगलच्या पहिल्या पानावर सूक्ष्मदर्शकाशेजारी चष्मा लावलेल्या एका बाईंचं चित्र झळकलं होतं, तेव्हा काही जणांनी ते पाहिलंही असेल. त्याच या बाई. त्या दिवशी त्यांची १०४ वी जयंती होती.

कमलताई पुण्याच्या. त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं एका प्रश्नामागे घालवली. बाईला स्तनाचा कॅन्सर होतो तो कशामुळे? आनुवंशिकतेमुळे, शरीरातल्या हार्मोन्समुळे, की एखाद्या विषाणूमुळे? यातला शेवटचा भाग ऐकून दचकायला होतं. विषाणू म्हटला की सर्दी, कावीळ, कोरोना. म्हणजे कॅन्सरही एकाचा दुसऱ्याला होतो की काय?

मी राळेगावची. आमच्याकडे हा प्रश्न रोजच्या बोलीत विचारला जातो. घरात कोणाला कॅन्सर निघाला, की आजूबाजूच्या बाया हळूच विचारतात, हे लागते का? कोणी पेशंटचा ग्लास बाजूला ठेवते, कोणी लेकराला तिच्या मांडीवर बसू देत नाही. या भीतीपायी कितीतरी बाया छातीतली गाठ सांगतच नाहीत. कापसाचा सीझन होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे, मग पाहू, असं म्हणत दिवस काढतात. म्हणून कमलताईंची गोष्ट नुसती जनरल नॉलेजसाठी वाचायची नाही. त्यांनी काय शोधलं आणि काय अजून सापडलेलं नाही, या दोन्ही गोष्टी आपल्या घरापर्यंत येऊन पोचतात.

कमल दिनकर समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत, आईचं नाव शांताबाई. कमलचं शिक्षण हुजूरपागेत झालं. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा. (आपल्यापैकी किती जणांच्या घरी हे ऐकलंय, हात वर करा!) पण कमलने मेडिकलची वाट धरली नाही. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन तिने पदवी मिळवली आणि पुढे पुण्याच्याच कृषी महाविद्यालयात गेली. तिथे एम.एस्सी.साठी तिने अभ्यास केला तो सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांचा, म्हणजे त्यांच्या पेशींचा आणि गुणसूत्रांचा. एम.एस्सी. पूर्ण झाली १९४३ साली. त्याआधी १९३९ मध्ये तिचं लग्न झालं होतं. नवरा डॉक्टर नव्हता, गणितज्ञ होता, जे. टी. रणदिवे. लग्न झाल्यावर शिक्षण संपलं हा त्या काळचा नियमच होता, पण या घरात उलटं झालं. नवऱ्याने तिच्या पुढच्या शिक्षणाला हातभार लावला. पुढे त्यांना मुलगा झाला, संसार वाढला, आणि अभ्यासही चालूच राहिला.

लग्नानंतर कमलताई मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. परळचं हे हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे तेव्हा अगदी नवं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात, तेच हे. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी पीएच.डी.चं काम सुरू केलं. सीताफळाच्या पेशी सुटल्या आणि उंदरांच्या पेशी हाती आल्या. पेशी ती पेशीच, झाडाची काय आणि उंदराची काय!

आता इथे उंदीर कशाला, हे नीट समजून घेऊ. माणसांवर प्रयोग करता येत नाही. शिवाय प्रत्येक बाईची आनुवंशिकता वेगळी, खाणं वेगळं, बाळंतपणं वेगळी. एवढ्या सगळ्या व्हेरिएबल्समधून एक कारण कसं वेगळं काढणार? म्हणून शास्त्रज्ञ उंदरांचे असे वंश तयार करतात, की भावा-बहिणींची जोडी लावत वीस-वीस पिढ्या गेल्यावर त्या वंशातले सगळे उंदीर जवळजवळ सारखे होतात. एकाच साच्यातून काढलेले पार्ट जसे. काही वंशांत बहुतेक माद्यांना स्तनाच्या गाठी होतात, तर काहींत क्वचितच.

अमेरिकेत जॉन बिटनर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. जास्त कॅन्सर होणाऱ्या वंशातली पिल्लं त्याने जन्मताच उचलली आणि कमी कॅन्सर होणाऱ्या वंशातल्या माद्यांच्या दुधावर वाढवली. आई बदलली नव्हती, रक्त बदललं नव्हतं, बदललं होतं फक्त दूध. तरी त्या पिल्लांमध्ये मोठेपणी कॅन्सर फारच कमी झाला! म्हणजे आनुवंशिकतेखेरीज दुधातून काहीतरी जात होतं. हे काहीतरी म्हणजे विषाणू आहे, हे पुढे सिद्ध झालं. उंदराच्या स्तनगाठीचा विषाणू म्हणून तो आज ओळखला जातो.

या शोधामुळे जगभरच्या कॅन्सर संशोधकांना नवी दिशा मिळाली. खानोलकर आणि कमलताईंनी एक वेगळाच धागा पकडला. कॅन्सर होण्याच्या आधी, म्हणजे स्तनाची ग्रंथी निरोगी असतानाच, या वंशांमध्ये काही फरक दिसतो का? त्यांनी कॅन्सरची शक्यता कमी-जास्त असलेले उंदरांचे चार वंश घेतले आणि त्यांच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना एकमेकींशी ताडून पाहिली. १९४७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. मशीन बंद पडल्यावर पाहणी सगळेच करतात, पण चालू मशीनमध्येच पुढचा बिघाड कुठे दडलाय, हे शोधणं अवघड. कमलताईंनी सुरुवातच तिथून केली. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

खानोलकरांनी पुढे परदेशी जाण्याचा आग्रह धरला. फेलोशिप मिळाली आणि कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या शरीराबाहेर वर्षानुवर्षं वाढत राहणाऱ्या पहिल्या पेशी, ज्यांना हेला म्हणतात, त्या १९५१ मध्ये याच गायच्या प्रयोगशाळेत वाढल्या. कमलताई तिथे टिश्यू कल्चर शिकल्या. टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा केळीची रोपं आठवतात. तत्त्व तेच. फक्त इथे रोपाऐवजी माणसाच्या किंवा उंदराच्या पेशी काचेच्या भांड्यात, शरीराएवढ्या उबेत, पोषक द्रवात वाढवायच्या. ऐकायला सोपं वाटतं, पण एखादी बुरशी किंवा एखादा जंतू आत शिरला, की कित्येक आठवड्यांची मेहनत पाण्यात. दिवाळी-गणपती असलं तरी पेशींना खायला घालावंच लागतं. आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री जागरण होतं, इथे रोजच सबमिशन!

तिथेच राहून काम करणं सोपं होतं. सोयी होत्या, उपकरणं होती. पण त्या परत आल्या. १९५२ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झालं होतं. तिथे सीनियर रिसर्च ऑफिसर म्हणून कमलताईंनी प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. अशी प्रयोगशाळा भारतात त्याआधी नव्हती. १९६० च्या दशकात जीवशास्त्राच्या जोडीला रसायनशास्त्रातली तरुण मंडळी घेऊन त्यांनी कॅन्सरची कारणं, पेशीविज्ञान आणि प्रतिकारशक्ती यांवर काम करणारे विभाग सुरू केले. एका प्रश्नावर वेगवेगळ्या शाखांच्या लोकांना एका टेबलाशी बसवणं, हे आज आपण प्रोजेक्ट ग्रुपमध्ये करतो (आणि भांडतो). त्यांनी तेव्हा ते करून दाखवलं. १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या संचालकपदाची धुराही त्यांनीच वाहिली. आज या संस्थेचं काम खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या आवारात चालतं.

या सगळ्यातून काय हाती लागलं? तर हे, की उंदरांमध्येसुद्धा एकट्या विषाणूने कॅन्सर होतो असं सरळ गणित नाही. आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू, तिघांची सांगड बसावी लागते. हार्मोन्स आणि ट्यूमरचा विषाणू यांचं नातं दाखवणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांमध्ये कमलताईंचं नाव घेतात. हे नातं नेमकं कसं चालतं, ते पुढच्या काळात उलगडत गेलं. विषाणू दुधातून पिल्लाच्या पोटात जातो, आतड्यातल्या प्रतिकारपेशींमध्ये शिरतो आणि त्यांच्याबरोबर स्तनग्रंथीपर्यंत पोचतो. तिथे आपल्या आरएनएची डीएनए प्रत बनवून ती पेशीच्या डीएनएत घुसवतो. (आरएनएपासून डीएनए बनवणारं एन्झाइम १९७० मध्ये सापडलं, त्याला १९७५ चं नोबेल मिळालं.) या विषाणूच्या अंगात जणू एक स्विच आहे, आणि तो शरीरातल्या हार्मोन्सनी ऑन होतो. गर्भारपणात, अंगावर पाजताना ग्रंथी वाढते, त्याबरोबर विषाणूच्या प्रतीही वाढतात. त्यातली एखादी प्रत पेशींच्या वाढीचं नियंत्रण करणाऱ्या जीनच्या शेजारी जाऊन बसली, की तो जीन सुसाट सुटतो. असा एक जीन १९८२ मध्ये सापडला. ब्रेक फेल झालेली एस.टी. घाटात जशी धावेल, तशी ती पेशी वाढत सुटते. पण असं व्हायला कित्येक योगायोग जुळावे लागतात.

मग माणसाचं काय? इथे गोष्ट मुंबईकडे वळते. पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे, हे टाटाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. समाज लहान, आपसांतली लग्नं, म्हणजे अभ्यासाला सोयीचा. १९७१ मध्ये अमेरिकेतले डॅन मूर आणि मुंबईतले डॉ. पेमास्टर, डॉ. सत्यवती सिरसाट वगैरे मंडळींनी मिळून बायकांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण त्यांना सापडले. घराण्यात कॅन्सर नसलेल्या अमेरिकन बायकांच्या नमुन्यांपैकी ५ टक्क्यांत, घराण्यात कॅन्सर असलेल्यांच्या ६० टक्क्यांत, आणि पारशी बायकांच्या ३९ टक्क्यांत. नेचर या मासिकात हे छापून आलं आणि खळबळ उडाली. सापडला चोर!

पण नाही. नमुने थोडे होते. पुढे आणखी नमुने तपासल्यावर हा फरक टिकला नाही. दिसणारा प्रत्येक कण विषाणूच असतो असंही नाही. स्तनाचा कॅन्सर झालेल्या आईचं दूध प्यायलेल्या मुलींना, न प्यायलेल्या मुलींपेक्षा जास्त कॅन्सर होतो, असंही आढळलं नाही. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाला ३१४ गाठींपैकी सुमारे ३८ टक्क्यांत उंदराच्या विषाणूशी मिळताजुळता डीएनएचा तुकडा सापडला. परत आशा जागली. पण दुसऱ्या कित्येक प्रयोगशाळांना तो सापडला नाही, आणि प्रयोगशाळेत उंदराचा डीएनए नकळत मिसळला असेल ही शंकाही कायम राहिली. सिग्नल की नॉइज, हा आपल्या ओळखीचा प्रश्न. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही, एपस्टाइन-बार विषाणू, गाईंमधला ल्युकेमियाचा विषाणू, यांच्यावरही संशय घेऊन झाला आहे. कुठल्याही एका विषाणूवर स्तनाच्या कॅन्सरचा गुन्हा अजून शाबित झालेला नाही. शोध चालू आहे.

कोणी म्हणेल, एवढं करून हाती काय आलं? पण विचार करा, विषाणू सापडला तर लस करता येते. एचपीव्हीचं तसंच झालं. तो विषाणू पकडला म्हणून लस निघाली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. कावीळ ब ची लस यकृताच्या कॅन्सरपासूनही वाचवते. म्हणून हा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. आणि म्हणूनच अर्धवट उत्तर पुरं म्हणून सांगण्यासारखाही नाही.

कारण रोगाच्या भीतीने काय होतं, हे आपल्या विदर्भाला वेगळं सांगायला नको. वरोऱ्याचं आनंदवन आपल्या जवळच आहे. कुष्ठरोग्यांना घरच्यांनी, गावाने बाहेर काढलं, म्हणून बाबा आमट्यांना ते गाव वसवावं लागलं. योगायोग असा, की कमलताईंनी कुष्ठरोगाच्या जंतूंवरही मूलभूत काम केलं आणि त्यांच्या संस्थेत कुष्ठरोगावरची लस तयार होण्यात त्या कामाचा वाटा होता. दोनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत, ते याच दोन रोगांवरचे. एक रोग लागणारा, पण लोक समजत होते तेवढा नाही. दुसरा लागत नाही, तरी लोक लागतो समजतात.

त्यांचा मान-सन्मानही झाला. १९६४ मध्ये मेडिकल कौन्सिलचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार, सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये. त्याच वर्षी वाटुमल फाउंडेशनचा पुरस्कार. १९८२ मध्ये पद्मभूषण. पण मला जास्त भावली ती वेगळी गोष्ट. १९७३ मध्ये त्यांनी अकरा सहकारी स्त्रियांना बरोबर घेऊन इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन सुरू केली. विज्ञान शिकलेल्या बाईला लेकरू झाल्यावर प्रयोगशाळा सोडावी लागते, हे त्यांनी आसपास पाहिलं असणारच. नवी मुंबईत वाशीला या संस्थेने पाळणाघर काढलं, आरोग्य केंद्र काढलं आणि चक्क होस्टेलही बांधलं! होस्टेलवर राहणाऱ्या पोरींनी हे विसरू नये.

म्हातारपणीही त्या गप्प बसल्या नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर, १९८९ च्या सुमारास, त्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत होत्या. (हे वऱ्हाडातलं अकोला नव्हे, तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले.) खेड्यापाड्यांतल्या महिला मंडळांना आरोग्याचं, आहाराचं मार्गदर्शन करत होत्या. आयुष्यभर मायक्रोस्कोपला डोळा लावलेली बाई शेवटी रानातल्या वाटेने लेकरांचं वजन बघायला गेली. एप्रिल २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांनी ज्या प्रश्नाची पाठ धरली तो अजून सुटलेला नाही. पण त्या प्रश्नातून गाळून जे खात्रीचं उरलं, तेवढं तरी आपण सुट्टीत घरी घेऊन जाऊ शकतो. स्तनाचा कॅन्सर एका ताटात जेवल्याने, कपडे धुतल्याने, लेकराला मांडीवर घेतल्याने लागत नाही. ज्या कॅन्सरमागे विषाणू असल्याचं सिद्ध झालंय, तेसुद्धा असे लागत नाहीत. अंगावर पाजणं धोक्याचं नाही. उलट बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईला या कॅन्सरचा धोका थोडा कमीच होतो. आईला, मावशीला, आत्याला हा आजार झाला असेल तर घरातल्या मुलींनी जास्त लक्ष ठेवावं. आणि छातीत न दुखणारी गाठ लागली, कातडी ओढली गेली, निपलमधून रक्त आलं, तर दाखवायला जावं. गाठ दुखत नाही म्हणून घरी बसू नये. सेवाग्राम, यवतमाळ, नागपूर, जिथे जमेल तिथे जावं. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, आणि असली तरी लवकर कळली तर बरं होण्याची शक्यता खूप जास्त असते. पोरांनो, हे फक्त पोरींसाठी नाही. पुरुषांनाही हा कॅन्सर क्वचित होतो, आणि घरातल्या बाईला दवाखान्यात न्यायला गाडी बहुतेक वेळा तुम्हीच काढता.

पुढच्या वेळी गावात कोणी हळूच विचारलं, हे लागते का, तर सांगा, लागत नाही. आणि एवढ्या ठामपणे कसं सांगता असं विचारलं, तर सांगा, पुण्याच्या एका बाईने आणि तिच्यासारख्या कितीतरी जणांनी उंदरांच्या दुधापासून माणसाच्या गाठीपर्यंत सगळं तपासून पाहिलंय. मग त्या बाजूला ठेवलेल्या ग्लासातूनच आपण पाणी प्यावं.